लेपाआधी ओल पाहावी

लोणावळ्यात वर्षाकाठी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे तिथून जेमतेम पासष्ट किलोमीटरवर. पण पुण्याच्या वाट्याला त्याचा पाचवा हिस्साही येत नाही. वळवणसारख्या तलावांत साठलेल्या या पावसाच्या पाण्यावर घाटाखाली खोपोलीला १९१५ पासून वीज निर्माण होते. पर्यटकांना धबधबे दिसतात, शेतकऱ्याला भाताची खाचरे दिसतात. घर, दुकान आणि गोदाम एकाच छपराखाली असलेल्या व्यापारी कुटुंबाने मात्र या पावसाचा आणखी एक भाग पाहायला हवा. तो डोळ्यांना दिसत नाही. तो जोत्याखाली मुरतो आणि पुढे कित्येक महिने जमिनीतून सावकाश वर येत राहतो.

हे आठवण्याचे निमित्त म्हणजे काँक्रीटच्या जमिनीवर इपॉक्सीचा लेप देण्याची नवी आवड. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत असा चकचकीत, सांधा नसलेला पृष्ठभाग नेहमीचाच. आता तो लोणावळ्याच्या चिक्की बांधणीच्या खोलीत, कामशेत-वडगावच्या तांदळाच्या गोदामात आणि बंगल्याच्या तळमजल्यावरही मागितला जातो. मागणीला कारणे आहेत. अन्नपदार्थांचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी २०११ मध्ये जे परवाना व नोंदणीचे नियम आले, त्यांच्या चौथ्या अनुसूचीत जमीन सुस्थितीत, गुळगुळीत आणि सहज साफ होणारी असावी अशी अपेक्षा आहे. जुन्या कोब्याच्या भेगांत गुळाचे कण आणि शेंगदाण्याची फोलपटे अडकतात, तिथे ही अपेक्षा पुरी होत नाही. भेगा म्हटल्या की मुंग्या आल्याच. औषध फवारायचे नाही आणि गुळाचा व्यापारही करायचा, अशा घराला मुंगीला थारा न देणारी जमीन हीच खरी सोय. यतनेने राहणाऱ्या कुटुंबाला हा लेप मोह घालतो तो केवळ चकाकीमुळे नव्हे.

मोह रास्त आहे. पण मावळात हा लेप पुष्कळदा एका पावसाळ्यात फुगतो, दुसऱ्यात पापुद्र्यासारखा सुटतो, आणि मग दोष रंगाला, कारागिराला किंवा कंपनीला दिला जातो. दोष बहुधा खालच्या ओलीचा असतो. तारण न पाहता कर्ज मंजूर करावे तसा तो लेप दिलेला असतो.

इपॉक्सी ही वस्तू मराठी घराला अनोळखी नाही. दोन नळ्यांतले द्रव्य सारख्या प्रमाणात घोटून फुटकी बरणी चिकटवणारे ॲराल्डाइट म्हणजे इपॉक्सीच. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान हे रसायनज्ञ कृत्रिम दातांसाठी टिकाऊ पदार्थ शोधत होते. त्यांच्या हाती जे लागले ते दातांपेक्षा इतरत्रच अधिक उपयोगी ठरले. सीबा या स्विस कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९४६ मध्ये ॲराल्डाइट बाजारात आणले. जमिनीवरच्या लेपाची जातकुळी तीच. एका डब्यात राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारे द्रव्य; त्याला कारागीर हार्डनरच म्हणतात. साधा रंग त्यातला द्रावक उडून गेल्यामुळे वाळतो. इपॉक्सी वाळत नाही, तो रासायनिक क्रियेने घट्ट होतो, आणि एकदा झाला की पुन्हा पातळ होत नाही. त्याचे बळ यातच आहे आणि अडचणही यातच. पाण्याला आणि वाफेला तो जवळजवळ वाट देत नाही. वरूनही नाही आणि खालूनही नाही.

जुन्या मावळी घराची जमीन मातीची असे, शेणाने सारवलेली. पावसाळ्यात ती ओलसर होई, आश्विनातल्या उन्हात वाळे. ओल येई तशी जाई. नंतर शहाबादी फरशी आली. तिचे सांधे श्वास घेत. पुढे कोबा आणि मोझेक आले. या साऱ्या जमिनींखाली बहुतेक ठिकाणी मुरूम, दगडाचे सोलिंग आणि त्यावर काँक्रीट एवढेच असते. ओल अडवण्यासाठी काँक्रीटखाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरण्याची रीत अलीकडची, तीही सर्वत्र पाळली जात नाही. काँक्रीट दिसायला दगडासारखे, पण आत असंख्य सूक्ष्म वाटा असलेले. दिव्यातली वात जसे तेल वर ओढते तसे ते खालचे पाणी वर ओढते. शेजारी भातखाचर असेल तर तिथले पाणी दिवाळीच्या सुमारापर्यंत उभे असते, आणि घराखालची माती तोवर ओली राहते.

जमीन उघडी असताना ही ओल वाफ होऊन खोलीत उडून जाते. कुणाला तिचा पत्ताही लागत नाही. फार तर कोपऱ्यात पांढरी भुकटी दिसते, भिंतीला लोणा लागतो. वर इपॉक्सी आला की वाट बंद होते. ओल लेपाच्या पोटाशी साठते, काँक्रीटमधले क्षार तिच्यात विरघळतात, आणि लेप जिथे कमी चिकटला असेल तिथे फोड येतो. टाचणी टोचली तर आत पाणी निघते. अशा फोडाखाली सतत दमट, काळोखी जागा तयार होते. ज्या सूक्ष्म जीवांचा उपद्रव टाळण्यासाठी खर्च केला, त्यांच्यासाठीच घर बांधून दिल्यासारखे होते.

ओल आहे की नाही हे पाहण्याची एक जुनी आणि जवळजवळ फुकटची चाचणी आहे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरावा आणि चारही बाजू रुंद चिकटपट्टीने हवा जाणार नाही अशा बंद कराव्यात. किमान सोळा तास, म्हणजे सोयीसाठी एक दिवस-रात्र, तो तसाच ठेवावा. उचलल्यावर प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब असतील किंवा तेवढा चौकोन भोवतालच्या जमिनीपेक्षा काळपट दिसत असेल, तर ओल खालून येत आहे. थेंब फक्त वरच्या अंगाला असतील तर तो हवेतला दमटपणा. लोणावळ्यात तो जुलैत सर्वत्र असतोच. खोलीत एकाच ठिकाणी चाचणी करून थांबू नये. मोरीजवळ, बाहेरच्या भिंतीलगत, मध्यभागी आणि जिथे पूर्वी पोती ओली झाली असतील तिथे, असे चार-पाच तुकडे लावावेत.

सगळे काही या चाचणीच्या महिन्यावर अवलंबून आहे. काम उन्हाळ्यात करायचे म्हणून चाचणीही एप्रिलमध्ये केली जाते. तेव्हा जमीन कोरडी निघते, सर्वांचे समाधान होते आणि काम सुरू होते. पण एप्रिलची जमीन ऑगस्टविषयी काहीच सांगत नाही. एखाद्या व्यापाऱ्याचा ताळेबंद केवळ दिवाळीच्या हंगामातल्या शिलकेवरून जोखावा, तसाच हा प्रकार. मावळात, विशेषतः मळवलीच्या पश्चिमेला, चाचणी श्रावणात करावी, धुवाधार पावसाचे आठ-पंधरा दिवस उलटल्यावर. निकाल तारखेसह खडूने नव्हे, वहीत लिहावा. लेपाचे काम पुढच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. म्हणजे निर्णय आणि काम यांत सहा-सात महिन्यांचे अंतर पडते. घाईच्या घराला हे जड जाते. पण या चाचणीच्या खर्चात फक्त एक प्लास्टिकचा तुकडा आहे.

श्रावणात जमीन ओली निघाली तर? तर आधी पाण्याचा मार्ग पाहावा. पागोळ्या थेट जोत्याशी पडतात का, पन्हळ कुठे गळते, बाहेरचे अंगण घराकडे उतरते आहे का, शेजारच्या नव्या बांधकामाने नाल्याची दिशा बदलली आहे का, याचा शोध भर पावसात छत्री घेऊनच लागतो. अंगणाचा उतार बाहेर वळवला, जोत्याभोवती पाणी वाहून नेणारी चर काढली, तर पुष्कळ घरांची ओल निम्म्यावर येऊ शकते. तरीही ओल राहिली तर ओलसर काँक्रीटवर चालणारे खास प्राथमिक थर आणि इपॉक्सी-सिमेंटचे मिश्रण मिळते. ते महाग असते, आणि त्यालाही मर्यादा असतात. अशा घराने शहाबादी किंवा कोटा फरशी बसवून मोकळे व्हावे, हाच अधिक शहाणपणाचा सल्ला. त्यात कमीपणा काही नाही. वरच्या मजल्याच्या स्लॅबला मातीचा स्पर्श नसतो, त्यामुळे खालून येणाऱ्या ओलीचा हा प्रश्न तिथे येत नाही. तिथे मोरीची गळती तेवढी पाहावी.

जमीन कोरडी निघाली तर काम कधी करावे, याबाबत पंचांग सोयीचे आहे. चातुर्मासात हे काम करूच नये. हवेत दमटपणा इतका असतो की घट्ट होत असलेल्या लेपावर तेलकट, पांढुरकी साय धरते आणि वरचा थर तिला चिकटत नाही. जाणकार कारागीर जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी अधिक असल्याशिवाय डबा उघडत नाही. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला म्हणून लगेच मजूर बोलवावेत, असेही नाही. मातीतली ओल तेव्हा तशीच असते. पौष-माघातली लोणावळ्याची पहाट थंड असते आणि थंडीत इपॉक्सी आळसावतो. होळीच्या आगेमागे जमीन कोरडी आणि हवा उबदार असते. तेच दिवस उत्तम.

मग येते पृष्ठभागाची तयारी. यातच कामाचा अर्धा जीव आहे आणि यातच सर्वाधिक काटछाट होते. नवे काँक्रीट असेल तर किमान २८ दिवस थांबावे. काँक्रीटच्या अंगावर सिमेंटची एक कच्ची दुधी साय असते. ती हिऱ्याच्या दातांच्या घासणी यंत्राने काढावी लागते. काही जण पातळ ॲसिड ओतून हेच काम उरकतात. त्याने साय जाते खरी, पण नंतर भरपूर पाण्याने धुवावे लागते, म्हणजे कोरड्या जमिनीला पुन्हा पाणी पाजले जाते. शिवाय बंद खोलीत ॲसिडची वाफ छातीला वाईट. यंत्र बरे. त्याची धूळ ओढून घेणारा पंप सोबत असावा, आणि नसेल तर घरातल्या मंडळींनी दोन दिवस दुसरीकडे राहावे, कारण ती धूळ फुप्फुसात बसणारी असते.

घासून झाल्यावर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. थेंब मिनिटभरात शोषले गेले तर जमीन तयार आहे. मोत्यासारखे उभे राहिले तर खाली तेल आहे, मेण आहे किंवा जुनी पॉलिश आहे. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत तेलाचे डबे जिथे वर्षानुवर्षे ठेवले असतील, तिथे हा थेंब हमखास उभा राहतो. काँक्रीटमध्ये मुरलेले तेल वरवर पुसून निघत नाही. ते द्रव्याने धुऊन, घासून, पुन्हा तपासावे लागते. फार खोल गेले असेल तर तेवढा भाग फोडून नवा भरावा लागतो. भेगा रुंद करून इपॉक्सी आणि वाळूच्या लगद्याने भरतात. मात्र बांधकामात मुद्दाम सोडलेला सांधा बुजवून वरून सलग लेप ओढला, तर त्या रेषेवर तो तडकतो.

मिश्रणाचे गणित कंपनीने डब्यावर छापलेले असते आणि त्यात हात घालायचा नसतो. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर जास्त घातला तर लेप लवकर नव्हे, कच्चा होतो. ज्याला जोडीदार मिळाला नाही असे द्रव्य त्यात तसेच उरते. संथ फिरणाऱ्या यंत्राने दोन-तीन मिनिटे ढवळावे, डब्याच्या कडा खरवडाव्यात आणि मिश्रण दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा ढवळावे, म्हणजे तळाशी न मिसळलेला थर राहत नाही. त्यानंतर साधारण अर्ध्या तासाचा अवधी असतो, उन्हाळ्यात दुपारी त्याहून कमी. बादलीत साठून राहिलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापते, कधी धूरही काढते. म्हणून ते लगेच जमिनीवर पसरतात आणि काम सकाळी करतात. कच्च्या इपॉक्सीने त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते, तेव्हा हातमोजे हवेतच. हौसेने स्वतः काम करणाऱ्या तरुण मुलांना हे आधी सांगावे. दुसऱ्या दिवशी चालता येते. जड पोती आणि सांडपाणी सोसण्याइतके बळ यायला साधारण सात दिवस लागतात.

काही जागा या लेपाच्या नव्हेत. चिक्कीचा पाक दीडशे अंशांच्या आसपास तापतो, आणि सामान्य इपॉक्सी साठ अंशांच्या सुमारासच मऊ पडू लागतो. भट्टीशेजारी एक पळीभर पाक सांडला की कायमचा डाग किंवा खळगा. तिथे कोटा असू द्यावा. इपॉक्सी बांधणीच्या आणि साठवणीच्या खोलीत. घाट चढून आलेल्या मोटारीचे तापलेले टायर रात्रभर एका जागी उभे राहिले तर पातळ लेप टायरबरोबर उचलला जातो. व्हरांड्यात ऊन लागून तो पिवळा पडतो आणि भुकटी सोडतो. शिवाय ओला इपॉक्सी निसरडा असतो. ज्या घरात वडीलधारी मंडळी पहाटे उठून मंदिराला जातात, तिथे वरच्या थरात बारीक गारगोटीची वाळू पेरून घ्यावी. चमक कमी होईल, हाड मोडणार नाही. तांदळाच्या गोदामातही एक गैरसमज दूर करायला हवा. लेप दिला म्हणून वडगावच्या संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणीची पोती थेट जमिनीवर रचू नयेत. गार, गुळगुळीत पृष्ठभागावर दमट हवेचे पाणी धरते. लाकडी फळ्या पूर्वीसारख्याच लागतात.

आता हिशेब. दरपत्रकात ‘इपॉक्सीचे दोन हात’ एवढेच लिहिलेले असते आणि दर चौरस फुटाचा दिलेला असतो. हात हे माप नव्हे. माप जाडीचे, मायक्रॉनमध्ये. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. द्रावक नसलेला एक लिटर इपॉक्सी एक चौरस मीटरवर बरोबर एक मिलिमीटर जाडी देतो. पाचशे चौरस फुटांची खोली म्हणजे साडेशेहेचाळीस चौरस मीटर. दोन मिलिमीटर जाडीचा, स्वतः समपातळीत येणारा लेप ठरला असेल, तर त्र्याण्णव लिटर माल लागलाच पाहिजे. दोनशे मायक्रॉनचा पातळ लेप असेल तर साडेनऊ लिटरही पुरत नाहीत असे नाही. दोन्हींना इपॉक्सीच म्हणतात आणि दोन्ही पहिल्या दिवशी सारखेच चकाकतात. मालात निम्मा द्रावक असेल तर ओल्या जाडीची निम्मीच उरते. म्हणून दरपत्रकात वाळल्यानंतरची जाडी, मालातले घन द्रव्याचे प्रमाण, कंपनी आणि उत्पादनाची तारीख लिहून घ्यावी, आणि काम चालू असताना रिकामे डबे मोजावेत. त्यात अविश्वास नाही; गोदामात आलेली पोतीही मोजूनच घेतली जातात.

हमीपत्र मोठ्या अक्षरांत असते. खालून येणाऱ्या ओलीमुळे झालेले नुकसान वगळल्याची ओळ पुष्कळदा तळाशी, बारीक अक्षरांत. मावळात तेवढी एक ओळ वगळली की हमीत फारसे उरत नाही. त्यावर उपाय कागदाचा नसून पैशाचा आहे. मोठ्या बांधकामांत ठेकेदाराच्या देयकातून काही रक्कम ठरावीक मुदतीसाठी राखून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. घरच्या कामातही एकूण रकमेचा दहावा भाग पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावा, आणि हे काम सुरू होण्याआधीच लेखी ठरवावे. नंतर ठरवू पाहिले तर भांडण होते. ज्या कारागिराला स्वतःच्या तयारीवर भरवसा आहे, तो बहुधा मान्य करतो. जो मान्य करत नाही त्यानेही काही तरी सांगितलेलेच असते.

संवत्सरी उलटली, पावसाचा जोर ओसरला, की रुपयाचे नाणे घेऊन खोलीभर फिरावे आणि जमीन हातभर अंतराने ठोकत जावी. भरीव, कोरडा आवाज आला तर ठीक. जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने वर्तुळ काढून कारागिराला बोलवावे. एवढा भाग कापून, खालचे काँक्रीट कोरडे करून, त्याच मालाने भरता येतो. त्यासाठी दोन्ही द्रव्यांचे लहान डबे झाकण घट्ट लावून, तारीख घालून, कोरड्या फळीवर ठेवलेले असावेत. हार्डनर मावळी हवेतला दमटपणा ओढून घेतो. वर्तुळे मोजून झाल्यावर राखून ठेवलेली रक्कम द्यावी.